शुगरवाला माणूस हडंब्याच्या तोंडाशी उभा करावा का?

धुरेकरी | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी. सोयाबीन पिवळं पडून राहिलं, तीनेक आठवड्यांत सोंगणी लागते. त्याच्या आधी एक विचारायचं होतं. घरात विचारलं तं भांडण होते, म्हणून इथे.

आमचा हडंबा आहे, म्हणजे थ्रेशर, दोघा भावांचा. हिंगणघाटकडच्या आमच्या गावचं अन् बाजूच्या दोन खेड्यांचं सोयाबीन काढतो, मंग तूर, मंग चणा. ट्रॅक्टर माझ्याकडे, मशीनच्या तोंडाशी दादा. वीस वर्षं झाली त्याले. आत ओलं गेलं का कोरडं, हे तो नुसत्या आवाजावरून सांगते. वय बावन्न. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळी चालू आहे.

मागच्या साली दसऱ्याच्या आधी आभाळ भरून आलं होतं, ज्याची त्याची घाई. सकाळी सहाले निघालो. दादाने चहासोबत गोळी घेतली, न्याहारी राहून गेली. शेतमालक म्हणाला अकराले डबा आणतो, तो आला दीडले. मधात साडेबाराच्या सुमारास मी ट्रॅक्टरवरून पाहतो तं दादा कवटा, म्हणजे सोंगलेल्या सोयाबीनची पेंढी, उलटा धरून उभा. बुडखा मशीनकडे अन् शेंडा हातात. हे तो झोपेतही करणार नाही. मी आवाज दिला, त्याने माझ्याकडे पाह्यलं अन् हसला. नुसता हसला. सदरा घामाने अंगाले चिकटला होता, पण घाम तं सगळ्यांलेच होता. मंग काहीतरी अडकलं असं वाटून त्याने हात आत घातला, कोपरापर्यंत. मी पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरवरून मशीन फिरवणारा दांडा, सोडला. ज्यांच्याकडे मशीन आहे त्यांले माहीत आहे, सोडला म्हणून ड्रम काही जागेवर थांबत नाही. सदऱ्याची बाही आत गेली. करंगळीचं नख गेलं. हात वाचला.

खाली बसवला तं जीभ जड. शेतमालक म्हणते, "सकाळीच टाकली का रे यानं?" आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, म्हणून हा प्रश्न सगळ्यात आधी सुचते. दादा माळकरी आहे, गळ्यातली माळ दिसत होती त्याले. एका मजूर बाईने आपल्या पिशवीतून गुळाचा खडा काढला, दादाच्या तोंडात घातला, वरून पाणी पाजलं. वीसेक मिनिटांनी दादाच मले विचारते, "मशीन काहून बंद केली?"

माझं म्हणणं असं की यंदा तू तोंडाशी नको. ट्रॅक्टरवर बस, मी टाकतो. तो म्हणते, लोकांले कळलं तं हंगाम जाईल, शुगरवाल्याची मशीन कोण बोलावते? आई त्याच्या बाजूने. वहिनी माझ्या बाजूने आहे पण बोलत नाही. तुमच्यात कोणी असं काम करते का? कसं जमवता?

कपाशी_अन्_तूर | १४ सप्टेंबर, रात्री १०.०५

ट्रॅक्टरवर तं अजिबात नका बसवू भाऊ. तोंडाशी एकाचा हात जाईल, स्टिअरिंगवर चक्कर आली तं ट्रॉलीतले सगळे जातील.

उपकेंद्रातली_ताई | १४ सप्टेंबर, रात्री १०.३०

धुरेकरी भाऊ, आधी एक सांगा, गोळी कोणती? पान उलटून मागचं बारीक नाव वाचा अन् इथे टाका. आणि त्या दिवशी ते शुद्धीवर आल्यावर पुढे काय केलंत?

धुरेकरी | १४ सप्टेंबर, रात्री १०.५२

ताई, ग्लिमेपिराइड अन् मेटफॉर्मिन, दोन्ही एकाच गोळीत. सकाळी एक, संध्याकाळी एक. पुढे काय, जेवला अन् अडीचले परत तोंडाशी उभा झाला. सात वाजेपर्यंत काढलं.

उपकेंद्रातली_ताई | १५ सप्टेंबर, सकाळी ६.१५

रागावू नका, पण हात मशीनमध्ये जाता जाता वाचला, त्याहून मोठा धोका तुम्ही अडीच वाजता घेतला.

मेटफॉर्मिन एकटी असली तर शुगर सहसा खाली पाडत नाही. ग्लिमेपिराइड पाडते. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो की नसो. चहासोबत गोळी घेतली अन् दीडपर्यंत पोट रिकामं, वरून मशीनवरची मेहनत. स्नायू साखर ओढतात, गोळी साखर ओढते, येणार कुठून? शुगर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, भूक लागते. आणखी खाली गेली की मेंदूलाच साखर कमी पडते. मग माणूस कवटा उलटा धरतो, हसतो, चिडतो, अडखळत बोलतो. त्या वेळी त्याला स्वतःला काही कळत नसतं, म्हणून "मले होऊन राह्यलं तं मी सांगीन" असं दादा म्हणाले तरी त्या शब्दावर जाऊ नका. ते खोटं बोलत नाहीत. सांगणारं डोकंच त्या वेळी बंद असते.

आणि या गोळीचा असर दिवसभर राहतो. किडनी थोडी कमजोर असली तर त्याहून जास्त. गुळाने शुगर वर आली तरी दोन-चार तासांनी परत उतरू शकते. असं एकदा झालं की त्या दिवशी मशीन, गाडी, विहीर, झाड, सगळं बंद. घरी किंवा दवाखान्यात कोणाच्या नजरेखाली ठेवायचं. रात्रीही लक्ष ठेवायचं, कारण दिवसभर राबलेल्या अंगाची शुगर रात्री झोपेत उतरते.

गूळ दिला हे चांगलंच केलं त्या बाईने. पण जीभ जड असताना खडा घशात अडकला असता. पाण्यात तीन चमचे साखर नाहीतर ग्लुकोज विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी परत तपासा, कमीच असेल तर परत द्या, मग भाकर. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा अन् १०८ लावा.

हंगामाच्या आधी दादांना डॉक्टरकडे न्या आणि सरळ सांगा की पुढचे दोन महिने काम असं असं आहे, जेवणाचा नेम नाही. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. सोबत किडनीसाठी क्रिएटिनीन तपासून घ्या. मनाने गोळी बंद करू नका. आणि इतकं तर आजपासूनच होईल: ताट समोर आल्याशिवाय ती गोळी हातात घ्यायची नाही.

निसर्गाकडे_चला | १५ सप्टेंबर, सकाळी ८.२०

या गोळ्यांनीच माणूस खलास होतो. कारल्याचा रस अन् जांभळाच्या बियांची भुकटी द्या, तीन महिन्यांत गोळ्या सुटतील. आमच्या आजोबांनी कधी गोळी पाहिली नाही.

जिनिंगचा_फिटर | १५ सप्टेंबर, सकाळी ८.४१

तुमच्या आजोबांनी हडंबाही पाह्यला नसंल. गोळी चालू असताना वरून रस पाजला अन् शुगर आणखी उतरली तं मशीन बंद कराले तुम्ही येणार आहात का?

धुरेकरी भाऊ, मी मशीनचा माणूस, मशीनचं सांगतो. हात कोपरापर्यंत आत गेला म्हणता, म्हणजे तुमच्या हडंब्याचं टाकायचं तोंड आखूड आहे. थ्रेशरसाठी आय.एस. ९०२० नावाचं मानक आहे. टाकण्याची नळी निदान ९० सेंटीमीटर पाह्यजे अन् त्यातली ४५ सेंटीमीटर वरून झाकलेली. म्हणजे तीन फूट नळी, दीड फूट झाकण. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचलाच नाही पाह्यजे, मंग तो शुगरवाला असो, पेंगलेला असो की पेलेला असो. १९८३ साली थ्रेशरसारख्या धोक्याच्या मशीनींसाठी वेगळा कायदाही झाला. पण आपल्याकडे लोकं मशीन घेतली की पहिल्याच हंगामात झाकण काढून फेकतात, काहून तं कवटे भरभर जात नाहीत. तुमचं झाकण कुठं आहे हो?

धुरेकरी | १५ सप्टेंबर, सकाळी ९.१०

गोठ्यात. त्याच्यावर कोंबडी बसते.

जिनिंगचा_फिटर | १५ सप्टेंबर, सकाळी ९.१४

उठवा तिले.

आता दुसरं. लपवण्याचं म्हणता तं मीही सात वर्षं लपवली. माझी शुगर लो नाही होत, मी नुसत्या मेटफॉर्मिनवर आहे. पण खांदा धरला. उजवा हात डोक्याच्या वर जात नव्हता. मले वाटलं कामाने झालं. डॉक्टर म्हणाले शुगरवाल्यांत हे जास्त दिसते, बोटं अडकणंही. पान्हा धरला की बोट वाकून राहायचं, दुसऱ्या हाताने सरळ करा लागे, खट्ट आवाज येऊन. एक दिवस शिडीवर असताना पान्हा सुटला अन् खालच्या पोराच्या खांद्यावर पडला. डोक्यावर पडला असता तं? त्या दिवशी सुपरवायझरले सांगितलं. काढलं नाही मले, पण वरचं काम काढून घेतलं अन् त्याच्यासोबत ओव्हरटाइमही गेला. हे पण खरं सांगतो. अन् जिनिंग, कापसातून सरकी काढायचं काम, म्हणजे कायद्याने हंगामी कारखाना, ई.एस.आय. (कामगारांचा सरकारी विमा) लागू नाही. खांद्याचा खर्च घरचाच.

वेचणीवाली_लेक | १५ सप्टेंबर, दुपारी २.३०

शुगर लो होते तेव्हा निदान बाजूच्याला काही तरी दिसतं. माझ्या आईचं कोणालाच दिसलं नाही, तिलासुद्धा नाही.

आई कापूस वेचायला जायची, नंतर पऱ्हाटी उपटायला, काड्या गोळा करायला. तीन वर्षांमागे फेब्रुवारीत शेतातून आली, ओसरीवर बसली, चहा प्यायली. माझी मुलगी तेव्हा सहाची. ती म्हणाली, "आजी, तुझी चप्पल काहून निघत नाही?" आई पाय झटकत होती अन् चप्पल सोबतच हलत होती. मी खाली वाकून पाहिलं. पऱ्हाटीचं खुंट रबरी चप्पल फोडून तळव्यात गेलं होतं, बोटाच्या मुळाशी. पेन्सिलीएवढं जाड. चप्पल पायाला खिळ्याने ठोकल्यासारखी बसलेली. शेत घरापासून दोन किलोमीटर. तेवढं ती चालत आली होती, अन् रस्त्यात शेजारणीसोबत हळदीकुंकवाच्या वाणाच्या गोष्टी करत होती.

"दुखत नाही का गं?" म्हटलं तर म्हणाली, "नाही ना, जरा जड लागते."

तालुक्याला खुंट काढलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढे सेवाग्रामला नेलं. तिथे नायलॉनच्या बारीक धाग्याने तपासतात. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डोळे मिटायला लावून तळव्याला ठिकठिकाणी टेकवत होते अन् "लागलं की हो म्हणा" असं सांगितलं होतं. आई डोळे मिटून शांत बसली होती. डॉक्टर टेकवत होते, ती गप्प. शेवटी तिनेच विचारलं, "सुरू कराचं नाही का?"

एक बोट काढावं लागलं. जखम भरायला चार महिने. आता मऊ एमसीआर रबराची, मागून पट्ट्याची चप्पल घालते, शेतात जाताना बंद बूट. बूट घालायच्या आधी उलटा करून झटकायचा अन् आत हात फिरवायचा. मोजे पांढरेच, रक्त-पू लगेच दिसावं म्हणून. रात्री तळवे नात पाहते, आजीला वाकता येत नाही. कुरूप ब्लेडने कापणं बंद केलं, नाहीतर आमच्याकडे ते काम न्हाव्याचं नाहीतर घरच्या ब्लेडचं.

धुरेकरी दादा, तुमच्या भावाचे पाय कधी तपासले का? सोयाबीनची धसकटं काही पऱ्हाटीहून कमी नाहीत.

ओलिताची_रात्र | १५ सप्टेंबर, रात्री ११.५०

वेचणीवाली ताई, तुमचं वाचून सांगतो. आमच्याकडे पंपाची लाइन रात्री येते. डिसेंबरात गव्हाले पाणी द्याचं म्हणजे धुऱ्यावर जाळ केल्याशिवाय बसवत नाही. माझे मामा पाय जाळाकडे करून झोपले. चामडं जळल्याचा वास आला म्हणून मी उठलो, वाटलं बूट जळला. बूट बाजूले होता.

वरूडकर_डॉक्टर | १६ सप्टेंबर, सकाळी ७.००

बहुतेक सगळं उपकेंद्रातल्या ताईंनी सांगितलंच आहे. माझ्या ओपीडीत दिसतं ते दोन-चार गोष्टींचं लिहितो.

एक, संत्र्याचं. तोडणीवरचा माणूस घाम फुटला म्हणून येतो, कोणीतरी बोट टोचून पाहिलेलं असतं, आकडा २४० आलेला असतो. "शुगर वाढली" म्हणून त्याला उलट गोळी दिलेली असते. बोटाला संत्र्याचा रस लागलेला, पट्टीने तोच मोजला. हात साबणाने धुऊन, कोरडे करून परत घेतलं तर ५८. आधी हात धुवायचे, मगच बोट टोचायचं. पट्ट्यांची डबी उन्हात ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवू नका, खराब होतात.

दुसरं फवारणीचं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हापासून फवारणाऱ्याला घाम सुटला की लोक आधी विषच धरतात, आणि ते बरोबरच आहे. पण शुगरवाला फवारणी करत असेल तर घाम, थरथर, गोंधळ दोन्हींत होतो. ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या औषधाने बाहुली टाचणीएवढी बारीक होते, लाळ आणि डोळ्यांतून पाणी वाहतं, छातीत घरघर होते. शुगर उतरल्यावर हे सहसा दिसत नाही. तरी अंदाज बांधत बसू नका. शेतातून बाहेर काढा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, शुगर मोजा, १०८ ला फोन करा. औषधाच्या हाताने साखर भरवू नका, हे सांगावं लागतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: ज्या दिवशी पायांची मेहनत जास्त त्या दिवशी मांडीत टोचू नका, लवकर शोषलं जातं. पोटात घ्या. वापरातली कुपी ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालते. आपल्या मे महिन्यात ३० अंश कुठे सापडणार? फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली रेती, त्यात छोटं मडकं, त्यात कुपी, सावलीत. बर्फात गोठलेलं इन्सुलिन फेकून द्या.

आणि डोळे. वर्षातून एकदा पडदा तपासा. शुगर फार वाढलेली असताना चष्म्याचा नंबर काढू नका, शुगर आटोक्यात आली की नंबर बदलतो आणि पैसे जातात. रात्री कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला जाणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. समोरच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

कपाशी_अन्_तूर | १६ सप्टेंबर, सकाळी ७.४५

सर, ग्लुकोज नसेल तर गूळ चालते की नाही? आमच्याकडे साखरेपेक्षा गूळ हाताशी असते.

वरूडकर_डॉक्टर | १६ सप्टेंबर, दुपारी १.१०

चालतो, पाण्यात कुस्करून. फक्त व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साखर-गूळ उशिरा चढतात, त्यांनी ग्लुकोजची पुडीच ठेवावी.

सातबारा | १६ सप्टेंबर, रात्री ८.३०

सगळे आजारावर बोलून राहिले. मी धुरेकरींच्या त्या एका वाक्यावर येतो, "सकाळीच टाकली का रे यानं?"

हात खरंच गेला असता, अन् पंचनाम्यात कोणी "दारूच्या नशेत" असं लिहून दिलं असतं, तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाला तर दोन लाख, एक हात किंवा पाय गेला तर एक लाख मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण, वय १० ते ७५. पण नशेत झालेला अपघात त्यात बसत नाही. मजुराच्या भरपाईच्या कायद्यातही यंत्राने चालणाऱ्या शेतीवरचा माणूस यादीत आहे, अन् तिथेही दारू हा मालकाचा पहिला बचाव असतो. शेतमालक सहज बोलून गेला. तेच कागदावर आलं असतं तर तुमच्या माळकरी भावाला आयुष्यभर पुसता आलं नसतं.

म्हणून शुगरचं कार्ड खिशात असू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्राचा कागदही चालतो, नाव अन् गोळी लिहिलेला. लपवायचं म्हणता ना, लपवलं तर लोक मधली जागा आपल्या मनाने भरतात.

धुरेकरी | १७ सप्टेंबर, रात्री ९.००

सातबारा साहेब, तुमचं लिहिलेलं दादाले वाचून दाखवलं. बोलला काही नाही. उठून गोठ्यात गेला अन् झाकण घेऊन आला. कोंबडीने अंडं देलं होतं त्याच्यावर.

धुरेकरी | २४ ऑक्टोबर, रात्री १०.२०

मंडळी, उशीर झाला, हंगाम चालू होता. सांगतो काय झालं ते.

डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलली, क्रिएटिनीन बरं निघालं. पायाच्या तपासणीत डाव्या पायाच्या दोन जागी धागा कळला नाही. दादा म्हणे पोराने नीट टेकवला नाही. परत टेकवला, परत नाही कळला. बूट घेतले.

झाकण बसवलं. दिवसाले दोनेक एकराचं काम कमी होते, हे खोटं नाही सांगत. दादा तोंडाशी उभा राहते, पण सकाळी जेवल्यावरच, अन् दोन तासांनी मी मशीन बंद करतो. पहिल्या दिवशी शिव्या देल्या मले. आता तोच हात वर करून थांबवते अन् सगळ्यांले ऐकू जाईल असा म्हणते, "शुगरचा टाइम झाला." दोन शेतं गेली हातची, एकाने सरळ म्हटलं की दुसरी मशीन बोलावतो. बाकीच्यांले काही वाटलं नाही. डबा अकराले आला नाही तं मशीन लागणार नाही, हे आधीच ठरवून घेतो.

एक गोष्ट राहिली. गूळ देणारी ती बाई यंदाही टोळीत होती. चौथ्या दिवशी दादाने थांबायले सांगितलं तशी तीही कवटा खाली ठेवून बाजूले गेली, पिशवी उघडली अन् गूळ खाल्ला. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पिशवीत नेहमी गूळ कसा काय असते?"

म्हणाली, "मलेही हाये ना बाप्पा. दहा वर्सं झाले. मुकादमाले सांगू नका."

तिले विचारूनच इथे लिहून राहिलो, गाव-नाव टाकणार नाही असं कबूल करून.

उपकेंद्रातली_ताई | २५ ऑक्टोबर, सकाळी ६.०५

त्यांची गोळी कोणती? पान उलटून नाव टाका.